तुरीची मर आणि आमची खतावणी

बुरशीसारख्या विषयावर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लेख लिहावा, याचे आमच्या विज्ञान शाखेतील मित्रांना हसू येईल. येऊ दे. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर संपला. बुरशीशी संबंध मात्र त्यानंतर आला, आणि तो पुस्तकातून न येता आमच्या साडेचार एकरांतून आला.

आमचे गाव बसवकल्याण तालुक्यात, आळंदच्या बाजूला. बिदर जिल्हा संपून कलबुर्गी जिल्हा कुठे लागतो हे तलाठ्याला ठाऊक असेल. तुरीला ते ठाऊक नाही. दोन्हीकडे तीच काळी माती, तेच मृगाकडे लागलेले डोळे आणि तीच तूर. कलबुर्गीला कन्नडमध्ये ‘तोगरिय कणज’ म्हणतात, म्हणजे तुरीची कणगी. २०१९ साली इथल्या तुरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा आमच्याही बांधावर कोणीतरी पेढे वाटले होते असे अंधूक आठवते.

२०२२ च्या खरिपात पाऊस चांगला झाला, किंबहुना जरा जास्तच झाला. तूर छातीइतकी वाढली. दसऱ्याच्या सुमारास फुले लागली, तेव्हा आप्पा (माझे वडील) बांधावर उभे राहून मनातल्या मनात क्विंटल मोजत असत. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले आहेत. दिवाळीच्या आधी विहिरीकडच्या अंगाला पाच-सहा झाडे पिवळी पडली. पाने खाली माना टाकून लोंबू लागली. एका झाडाची तर एकच बाजू वाळली होती. दुसरी बाजू फुलांनी भरलेली, जणू अर्धांगवायू झालेला माणूस. आप्पा म्हणाले, “पान्याचा ताण पडलाय.” त्यांनी पाणी दिले. आठ दिवसांत पाच-सहांची पन्नास झाडे झाली.

मग आप्पा तालुक्याला गेले. तेथील एका औषधाच्या दुकानदाराने कसलीशी फवारणीची बाटली दिली, आणि एकीने भागणार नाही म्हणून दुसरीही दिली. पानांवर दोन्ही मारली. मी पाठीवर पंप घेऊन स्वतः मारली, म्हणून सांगतो. पुढच्या पंधरवड्यात अर्धे शेत वाळले.

शेजारच्या शेताचे मालक कन्नड बोलणारे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते एकदा बांध ओलांडून आले, एक झाड मुळासकट उपटले, बुंध्याची साल नखाने सोलली आणि म्हणाले, “नीरिल्ल अंतल्ल, बेरु केट्टद.” पाणी नाही असे नव्हे, मूळ नासले आहे. सालीच्या आत, पांढऱ्या लाकडावर, काळपट तपकिरी रेघा होत्या. शिसपेन्सिलीने ओढाव्यात तशा सरळ, खालून वर गेलेल्या. बाहेरून बुंध्यावर जमिनीपासून वीतभर जांभळट पट्टा चढलेला होता. तो पट्टा आम्ही रोज पाहत होतो. पाहत होतो एवढेच.

त्या वर्षीची येळवस २३ डिसेंबरला होती. पुण्यामुंबईकडच्या वाचकाला हा सण ठाऊक नसेल. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या भागांत गावेच्या गावे ओस पडतात, कारण सगळे शेतात जेवायला गेलेले असतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, उंडे यांचा नैवेद्य दाखवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून पंगतीला बसवायचे. आम्हीही गेलो. भज्जीत ओल्या तुरीचे दाणे लागतात. ते आईने मामांच्या शेतातून मागून आणले. कोपीला कडबा लागतो. तोही मागूनच आणला, कारण आमच्या शेतात जोंधळा होऊन किती वर्षे झाली हे आईला चटकन सांगता येईना. भोवती साडेचार एकर तूर वाळून खडखडत होती. वारा आला की शेंगा वाजत. पण त्या भरलेल्या शेंगांसारख्या वाजत नव्हत्या. कोणी काही बोलले नाही. आजीने नेहमीप्रमाणे शेताभोवती आंबील शिंपडले आणि वाळल्या झाडांवर जरा जास्तच शिंपडले.

एरवी अठरा-वीस क्विंटल देणाऱ्या शेतातून त्या वर्षी तीन क्विंटल तूर निघाली. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ६,६०० रुपये होता. गुणाकार वाचकांनीच करावा.

या रोगाला मराठीत ‘मर’ म्हणतात. कन्नडमध्ये आमच्याकडचे शेतकरी ‘नेटे रोग’ म्हणतात, आणि छापील कागदावर ‘सोरगु रोग’ असेही असते. सोरगु म्हणजे सुकत, खंगत जाणे. मराठी शब्द शेवट सांगतो. कन्नड शब्द शेवटापर्यंतची वाट सांगतो. कृषी खात्याचे कन्नड पत्रक घरात मोठ्याने वाचून त्याचे मराठी करून सांगण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हा फरक लक्षात आला. पण दोन्ही शब्द झाडाविषयी बोलतात, मारणाऱ्याविषयी नाही. मारणाऱ्याचे नाव फ्युजेरियम उडम. १९०६ साली ई. जे. बटलर यांनी बिहारमधून या रोगाची नोंद केली. पुढे ते पुसा येथील संशोधन संस्थेत सरकारी कवकशास्त्रज्ञ होते आणि १९१० साली त्यांनी या बुरशीला हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘उडुस’ म्हणजे ओले, दमट. ओल्या जमिनीत झाडाला कोरडे करून मारणाऱ्या जीवाला हे नाव शोभते.

आता ही बुरशी नेमके काय करते? मी हे पत्रकातून, ग्रंथालयातल्या पुस्तकांतून आणि एका विज्ञान शाखेच्या मित्राला चहा पाजून समजून घेतले. त्यात काही चूक राहिली असेल तर ती माझी. चहा चांगला होता.

बुरशी ही वनस्पती नव्हे. तिला हिरवा रंग नाही, म्हणून उन्हावर स्वतःचे अन्न करता येत नाही. तिला तोंडही नाही. ती आपला पाचकरस बाहेर सोडते, समोरचा पदार्थ बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. आपण आधी जेवतो आणि मग पचवतो, तिचे उलटे. तिचे शरीर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यांचे जाळे. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते, जे किड्यांच्या कवचातही असते. बहुतेक बुरश्या मेलेल्या पालापाचोळ्यावर गुजराण करतात. त्यांनी ती केली नसती तर आपण केव्हाच पाचोळ्याखाली गाडले गेलो असतो. जिवंतावर चढणाऱ्या त्यांतल्या थोड्या. पण वनस्पतींचे बहुतेक संसर्गजन्य रोग या थोड्यांनीच घडवलेले असतात.

जिवंतावर जगण्याच्याही रीती आहेत. गव्हावरचा तांबेरा झाडाला लगेच मारत नाही. झाड मेले तर त्याचेच अन्न तुटते, म्हणून तो झाडाला जगवत जगवत त्याचा रस घेत राहतो. जुना सावकार कुळाला बुडू देत नसे, व्याज घेत राही, तसे हे आहे. जोंधळ्याची काणी निराळी. ती झाडाला बाहेरून धडधाकट ठेवते आणि कणसात दाण्याच्या जागी आपली काळी पूड भरते. पेटी तीच, कुलूप तेच, आतले दागिने मात्र खोटे. फ्युजेरियमचा व्यवहार या दोन्हींहून वेगळा आहे. ती आधी जिवंत झाडात शिरते, त्याला दिवाळखोर करते आणि मग त्याच्याच कलेवरावर पुढची कित्येक वर्षे बसून खाते.

ती हवेतून येत नाही. म्हणून पानावरची फवारणी म्हणजे चोर तळघरात असताना छपरावर पहारा ठेवण्यासारखे झाले. तिचे जाड कवचाचे बीजाणू मातीत आणि जुन्या मुळांच्या तुकड्यांत झोपून असतात. तुरीचे कोवळे मूळ जवळ आले की त्यातून पाझरणाऱ्या साखरेची वगैरे चाहूल लागून ते जागे होतात. धागा फुटतो, बारीक मुळीतून आत शिरतो. सूत्रकृमींनी मुळाला आधीच जखम केलेली असली तर काम आणखी सोपे. तेथून तो पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत पोहोचतो. त्या नळ्यांत बुरशी लहान बीजाणू सोडते. झाड स्वतःच ते पाण्याबरोबर वर वाहून नेते. जिथे अडकतील तिथे ते रुजतात, पुन्हा बीजाणू, पुन्हा वर.

या ठिकाणी जे घडते ते मला सर्वांत विलक्षण वाटले. झाडाला शत्रूची जाणीव होते. ते गप्प बसत नाही. शत्रू पुढे जाऊ नये म्हणून ते आपल्याच नळ्यांत डिंकासारखे पदार्थ ओतते, शेजारच्या पेशी फुगवून नळीत बुचासारख्या ठोकते. एखाद-दुसरी नळी बंद करून रोग तिथेच अडला तर झाड वाचते. पण रोग पुढे निसटला तर झाड बुचे मारतच राहते. बुरशीचे धागे, तिने विरघळवलेल्या पेशीभित्तींचा गाळ आणि झाडाने स्वतः घातलेली बुचे या तिघांनी मिळून नळ्या तुंबतात. भर म्हणून बुरशीचे विषारी द्रव्यही असते. मुळाशी पाणी आहे, वर पाने तहानेने माना टाकत आहेत. आम्ही सालीखाली पाहिलेल्या काळ्या रेघा म्हणजे त्या तुंबलेल्या नळ्या. आप्पा चुकले नव्हते. तहानच होती ती. फक्त पाण्याने भागणारी नव्हती.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघर पोहोचला होता. ती बुरशी वेगळी, यजमान वेगळा; तरी रीत ऐकून मी चपापलो. तीही रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, रक्ताची गुठळी होते, रक्त न मिळाल्याने पुढचा भाग मरून काळा पडतो. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या आणि स्टेरॉइडे घ्यावी लागलेल्या रोग्यांना तिने गाठले. एरवी माणसाच्या अंगाची ऊब बहुतेक बुरश्यांना सोसत नाही, म्हणून आपण गजकर्णावर सुटतो. तुरीला ही सोय नाही.

मर लागण्याची वेळही हिशेबाने पाहण्यासारखी आहे. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतील कन्नैयन आणि नेने यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की शेंगा धरण्यापूर्वी झाड मेले तर नुकसान पूर्ण शंभर टक्के, पक्वतेच्या सुमारास मेले तर सुमारे ६७ टक्के, अगदी काढणीच्या तोंडावर मेले तरी ३० टक्के. आमची बरीचशी तूर पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. बियाणे, खत, कोळपणी, खुरपणी, दोन बाटल्या असा सगळा खर्च होऊन गेल्यावर, आणि उत्पन्न हाती येण्यापूर्वी, असा नेमका मधला क्षण ही बुरशी गाठते. वाणिज्याच्या पुस्तकात इतका वाईट ऋणको मला अजून भेटलेला नाही.

हुमनाबादहून हैदराबादला जाणाऱ्या बसमधून जहीराबाद, संगारेड्डी मागे पडले की पाटणचेरू लागते. तिथे १९७२ साली ही संस्था सुरू झाली. तिथे मर रोगाविरुद्ध वाण कसे निवडले याची हकीकत वाचली तेव्हा मी ग्रंथालयातच थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. शास्त्रज्ञांनी आधी एक शेत मुद्दाम आजारी केले. इंग्रजीत त्याला ‘सिक प्लॉट’च म्हणतात. त्याची कृती अशी: रोगाला लवकर बळी पडणारी तूर त्याच जमिनीत पुनःपुन्हा पेरायची, मेलेली झाडे बारीक तोडून त्याच मातीत मिसळायची, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तूर. असे करत गेले की माती बुरशीने इतकी भरते की कमकुवत वाण त्यात जगूच शकत नाही. मग हजारो वाण तिथे पेरायचे आणि जे उभे राहतील ते निवडायचे.

मित्रहो, हीच कृती आम्ही आमच्या शेतात बारा वर्षे करत होतो. तुरीवर तूर. तुराट्या चुलीला घरी यायच्या, पण धसकटे आणि मुळ्या शेतातच राहायच्या. अलीकडे भाड्याचा रोटाव्हेटर फिरायचा, तो त्यांचे बारीक तुकडे करून सगळ्या शेतभर नीट पसरवून द्यायचा. पैसे देऊन. फरक इतकाच की पाटणचेरूला वाचलेली झाडे निवडायला कोणी बसले होते. आमच्याकडे ते काम कोणाचेच नव्हते.

त्या आजारी शेतांतून चांगले वाण निघाले हेही सांगितले पाहिजे. मरला दाद न देणारा ‘मारुती’ १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झाला आणि आजोबांनी तो पेरला होता. नाव मारुतीचे, तेव्हा आजीचा विश्वास आधीपासूनच होता. पण मारुतीला वांझ रोग (कन्नडमध्ये ‘गोड्डु रोग’) होतो. तो विषाणूचा, कोळ्याच्या जातीच्या सूक्ष्म किडीने पसरवलेला. झाड हिरवेगार राहते, फूल म्हणून धरत नाही. पुढे १९९३ साली दोन्ही रोगांना तोंड देणारी ‘आशा’ आली. कलबुर्गीच्या कृषी संशोधन केंद्राची टी. एस.-३ आर ही आपल्या भागासाठीच आहे. पण बुरशीचेही अनेक प्रकार आहेत. एका गावी टिकलेला वाण दुसऱ्या गावी टिकेलच असे नाही. केळीचे उदाहरण जगात गाजलेले आहे. मध्य अमेरिकेत मैलोन्‌मैल ‘ग्रो मिशेल’ ही एकच केळी लावली. फ्युजेरियमच्याच एका भावाने १९५०-६० च्या सुमारास तिचा धंदा बुडवला. तिच्या जागी ‘कॅव्हेंडिश’ आली, आणि आता तिलाही गाठणारा प्रकार देशोदेशी पसरतो आहे.

आमच्याकडे वाण कोणता होता? आप्पांनी घरचेच बी ठेवले होते, त्याआधी कोणाकडून आणले होते, त्याआधी ठाऊक नाही. बी प्रक्रिया केली होती का? नव्हती. ट्रायकोडर्मा नावाची एक बुरशी असते. ती बुरश्यांनाच खाते. शत्रूच्या धाग्याभोवती वेटोळे घालते, त्याच्या कायटिनच्या भिंती विरघळवते. किलोभर बियाण्याला तिची चार ग्रॅम पूड चोळून पेरावी असे पत्रकात होते. बुरशीला बुरशी! आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “काट्यानं काटा काढत्यात, त्यात काय नवं?”

नवे तिच्याकडूनच कळायचे होते. तिच्या तरुणपणी आठ तास जोंधळा आणि दोन तास तूर अशी पेरणी असे. जोंधळा आधी निघे, मग तुरीला मोकळे रान मिळे. मर तेव्हाही होती, पण “इथं एक झाड, तिथं एक झाड”. ही म्हातारीची आठवण म्हणून मी सोडून दिली असती. पण शास्त्रज्ञांनीही हेच तपासून पाहिले आहे: तुरीत जोंधळा मिसळला किंवा मध्ये एखादे वर्ष जोंधळ्याला दिले तर मर उतरते. ही बुरशी तुरीचीच वैरी आहे. जोंधळ्याच्या मुळांवर तिचे पोट भरत नाही, उलट त्या मुळांतून पाझरणारे काही तिला मानवत नाही. हरभऱ्यालाही मर होते, पण ती निराळ्या फ्युजेरियमची. थोडक्यात, यजमान घरी नसला की पाहुणा उपाशी राहतो. मात्र तो लगेच मरत नाही. जुन्या मुळ्यांच्या तुकड्यांत दोन-तीन वर्षे तग धरतो.

मी तेव्हा पी. यू. सी. ला होतो आणि नुकताच घसारा शिकलो होतो. यंत्र वापरले की झिजते, म्हणून नफ्यातून दरवर्षी काही रक्कम बाजूला धरायची, नाहीतर वहीतला नफा खोटा. आप्पांची वही काढून मी बारा वर्षांचा तुरीचा हिशेब पुन्हा मांडला. दरवर्षी नफा होता. जमिनीचा घसारा कुठेच नव्हता. तो २०२२ साली एकदम, व्याजासकट, वसूल झाला होता. मोठ्या ऐटीत मी हे कागद आप्पांपुढे ठेवले आणि म्हणालो, “आप्पा, दोन वर्सं तुरीला सुट्टी देऊ. जोंधळा पेरू.”

आप्पा म्हणाले, “सुट्टी तुला कालेजात मिळती. सोसायटीच्या व्याजाला कोन सुट्टी देतं?”

मग त्यांनी त्यांचा हिशेब सांगितला, कागदाशिवाय. त्या वर्षी तुरीचा हमीभाव ६,६०० आणि संकरित जोंधळ्याचा २,९७०. जोंधळ्याची पाखरे राखायला माणूस कोण? पोरे शाळेत. काढायला, खुडायला गडी कुठे? ते पुण्याला आणि हैदराबादला. तुरीला एवढे हात लागत नाहीत. “लोक तूर पेरत्यात ते काय येडे हायत म्हनून न्हाई,” ते म्हणाले. मला उत्तर देता आले नाही. आजही पुरते देता येत नाही. बुरशीचे चक्र मला समजले, पण ते ज्या चाकात बसून फिरते ते हमीभावाचे, मजुरीचे आणि कर्जाचे चाक आहे. ट्रायकोडर्माची पूड तिथे लागू पडत नाही. २०२३ च्या सुरुवातीला सरकारने मर लागलेल्या तुरीला हेक्टरी १०,००० रुपये जाहीर केले. मदत नको असे कोण म्हणेल? पण ते पैसे पुन्हा तुरीच्याच बियाण्यात गेले, निदान आमच्या गल्लीत तरी.

आमच्या घरात शेवटी तडजोड झाली, आणि ती माझ्या कागदांनी नव्हे तर आईने केली. येळवसला कडबा मागायला जाण्याची तिला लाज वाटली होती, एवढेच ती म्हणाली. दोन एकर जोंधळा, अडीच एकर तूर. २०२३ साली पावसाने पाठ फिरवली, राज्यात दुष्काळ जाहीर झाला. जोंधळ्याची कणसे बोटभर निघाली. दाणे घरापुरतेच, पण कडब्याने दोन बैल आणि एक म्हैस उन्हाळाभर जगली. अडीच एकरांतली तूर बेताची आली. आप्पांनी मला बोलून दाखवले नाही, पण त्यांनी पुन्हा क्विंटल मोजलेले मी पाहिले.

२०२४ साली जोंधळ्याच्या दोन एकरांत टी. एस.-३ आर पेरली, बी प्रक्रिया करून; बाकीच्या अडीच एकरांत घरचेच बी. डिसेंबरात मी दोन्ही तुकड्यांत तासांतून चालत शंभर-शंभर झाडे मोजली. जोंधळ्याच्या जागी अकरा मेलेली. दुसरीकडे चौतीस. मी आनंदाने हे आकडे कॉलेजातल्या एका सरांना दाखवले. त्यांनी विचारले, “वाण बदलले, पेरणीचा क्रम बदलला, बी प्रक्रिया केली. तीन गोष्टी एकदम. मग जमा कोणाच्या खात्यावर करणार?” सरांचे बरोबर होते. माझ्याकडे अजून उत्तर नाही, कारण त्याला आणखी तुकडे आणि आणखी वर्षे हवीत, आणि आमच्याकडे साडेचारच एकर आहेत.

एक गोष्ट मात्र आता नेमाने होते. बुंध्यावर जांभळा पट्टा दिसला की ते झाड मुळासकट उपटायचे, खताच्या रिकाम्या पोत्यात घालायचे आणि शेताबाहेर नेऊन जाळायचे. काढणीनंतर धसकटे आणि मुळ्या वेचायच्या. रोटाव्हेटर बंद. पहिल्या वर्षी हे काम मी एकट्याने, गावातल्या पोरांची थट्टा ऐकत केले. दुसऱ्या वर्षी मामांचा मुलगा त्यांच्या शेतात तेच करताना दिसला. आम्ही बांधाच्या दोन्ही बाजूंनी काही न बोलता कुदळी चालवल्या.

गेल्या हंगामात आप्पांनी त्यासाठी चार मजूर लावले. वहीत त्यांच्या अक्षरात नोंद आहे: “मुळ्या येचाई, ४ गडी.” ही नोंद त्यांनी ‘नुकसान’ या सदरात केली आहे. मी ती अजून बदललेली नाही.